अमेरिकेतल्या अर्ली इंटरव्हेन्शनचं बिलिंग: आयएफएसपीपासून पैसे जमा होईपर्यंत

पुण्यात किंवा नवी मुंबईत रात्रपाळीला बसून अमेरिकन थेरपीचे क्लेम (विम्याकडे पाठवायची बिलं) करणाऱ्याच्या हातात अर्ली इंटरव्हेन्शनचं, म्हणजे शून्य ते तीन वयोगटातल्या बाळांच्या थेरपीचं खातं पहिल्यांदा येतं, तेव्हा ते नेहमीच्या फिजिओ किंवा स्पीचच्या खात्यासारखंच दिसतं. कोड तेच, फॉर्म तोच, पोर्टलही ओळखीचंच. मग महिनाभरात डिनायल (नाकारलेले क्लेम) साचायला लागतात आणि कुठे चुकलं ते कळत नाही. तिकडे टेक्सासात किंवा न्यू जर्सीत स्वतःचं छोटं केंद्र काढलेल्या थेरपिस्टचंही बहुधा असंच होतं. याचं कारण असं, की या कामात क्लेम हा शेवटचा कागद आहे. पैसे मिळणार की नाही हे त्याआधीच्या चार कागदांवर ठरलेलं असतं: आयएफएसपी (मुलाची लेखी सेवा-योजना), पालकांची लेखी संमती, डॉक्टरांची ऑर्डर आणि भेटीची नोंद. या चौघांत जिथे मेळ नाही, तिथे क्लेम अडकतो.

कार्यक्रम नेमका काय आहे

अपंग मुलांच्या शिक्षणाचा जो केंद्रीय कायदा आहे, आयडीईए, त्याच्या 'पार्ट सी'खाली ही सेवा चालते. १९८६ साली ती 'पार्ट एच' म्हणून सुरू झाली आणि १९९७ च्या दुरुस्तीत तिला आजचं नाव मिळालं. जन्मापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत, वाढीत मागे असलेल्या किंवा तसं निदान झालेल्या बाळांसाठी. नियम केंद्राचे असले तरी कारभार राज्याचा, म्हणून प्रत्येक राज्यात नाव आणि पैशाची वाट वेगळी. टेक्सासात ईसीआय, कॅलिफोर्नियात 'अर्ली स्टार्ट' आणि त्याची २१ रीजनल सेंटरं, इलिनॉयमध्ये सेंट्रल बिलिंग ऑफिस, न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून 'ईआय हब' ही नवी संगणक प्रणाली. एका राज्याचा अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लावायचा नाही. नवं खातं आलं की पहिल्या दिवशी त्या राज्याचं प्रोव्हायडर मॅन्युअल आणि दरपत्रक उतरवून घ्या आणि त्यावर तारीख टाका, कारण ते बदलत राहतं.

सगळ्या राज्यांना सारखा लागू होणारा मुख्य नियम म्हणजे पार्ट सीचा पैसा सर्वांत शेवटी. आधी खासगी विमा (पालकांची संमती असेल तर), मग मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा), आणि उरलेलं राज्याच्या पार्ट सी निधीतून. एरवी मेडिकेड सगळ्यांच्या मागे उभं असतं, पण आयएफएसपीत लिहिलेल्या सेवांपुरतं ते पार्ट सीच्या पुढे येतं. हा अपवाद कायद्यातच आहे.

काही कामांसाठी मात्र कुटुंबाकडून एक पैसाही घेता येत नाही: मूल शोधून काढणं, पात्रतेचं मूल्यमापन, सर्व्हिस कोऑर्डिनेशन (कुटुंबासाठी सेवांची जुळवाजुळव) आणि आयएफएसपी तयार करणं वा तपासणं. त्या मूल्यमापनाचं बिल चुकून को-पे (कुटुंबाचा वाटा) लावून घरी गेलं, तर ती नुसती हिशेबाची चूक राहत नाही, तो नियमभंग ठरतो.

आयएफएसपी वाचायला शिका

आयएफएसपी म्हणजे मुलाची आणि कुटुंबाची लेखी सेवा-योजना. रेफरल आल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि योजनेची पहिली बैठक व्हायला हवी, दर सहा महिन्यांनी आढावा, वर्षातून एकदा पूर्ण बैठक. बिलिंगवाल्याने तिच्यातला सेवांचा तक्ता उघडायचा आणि प्रत्येक सेवेपुढच्या गोष्टी आपल्या प्रणालीत उतरवायच्या: कोणती सेवा, किती वेळा, किती मिनिटं, कुठे, एकट्याला की गटात, कधीपासून कधीपर्यंत, पैसे कोण देणार.

इथली सगळ्यात नेहमीची चूक 'किती वेळा' यात होते. योजनेत आठवड्यातून १ भेट, ६० मिनिटं असं आहे. मागच्या आठवड्यात बाळाला ताप होता, म्हणून थेरपिस्टने या आठवड्यात दोन भेटी घेतल्या. हेतू चांगला, पण दुसरी भेट योजनेबाहेरची ठरू शकते. भरपाईची भेट कधी आणि किती दिवसांत चालते, हे राज्य ठरवतं. त्यामुळे योजनेतली वारंवारता प्रणालीत आठवड्याची मर्यादा म्हणूनच भरून ठेवा. म्हणजे जादा भेट क्लेम होण्याआधीच लाल दिसेल.

सेवा सुरू होण्याची तारीख आणि पालकांच्या सहीची तारीखही जुळवून बघा. सहीआधी झालेल्या भेटीचं बिल होत नाही. आढाव्यात वारंवारता वाढवली, तर वाढीव भेटींचं बिल नव्या सहीनंतरच.

संमतीचा कागद

खासगी विम्याला बिल पाठवायचं तर पालकांची लेखी संमती हवी. ती पहिल्यांदा सेवा सुरू करताना घेतात, आणि सेवेची वारंवारता, लांबी, कालावधी किंवा तीव्रता वाढली की पुन्हा घ्यावी लागते. विमा वापरल्याचा बोजा कुटुंबावर पडू नये म्हणून राज्यात वेगळा कायदा असेल, तर तिथे सूट मिळते. मेडिकेडबाबत पालकांना आधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि सेवा मिळवण्याची अट म्हणून मेडिकेडमध्ये नाव घालायला लावता येत नाही. मुलाची ओळख पटेल अशी माहिती विमा कंपनीला देण्यासाठीही संमतीच लागते.

पालकांनी नकार दिला तर? सेवा थांबत नाही, उशिराही करता येत नाही. बिल राज्याच्या निधीकडे वळतं. फक्त एक गुंता लक्षात ठेवा: मुलाला खासगी विमा आणि मेडिकेड दोन्ही असतील आणि राज्य 'आधी खासगी' म्हणत असेल, तर पालकांनी खासगी विम्याला संमती नाकारल्याने मेडिकेडचा दरवाजाही बंद होऊ शकतो. म्हणून प्रणालीत संमतीचे दोन वेगळे रकाने ठेवा, प्रत्येकाला तारीख, आणि सही केलेल्या कागदाचा स्कॅन जोडलेला. 'तोंडी हो म्हणाले' हा रकाना ठेवूच नका.

पहिल्या भेटीआधीची तपासणी

विमा चालू आहे का, हे दर महिन्याच्या १ तारखेला बघा आणि शक्य असेल तर भेटीच्या दिवशी पुन्हा. जानेवारी २०२४ पासून मुलांना मेडिकेड सलग १२ महिने चालू ठेवणं राज्यांना बंधनकारक झालं, त्यामुळे कार्ड मधेच बंद होण्याचं प्रमाण घटायला हवं. पण मेडिकेड चालू असूनही ते चालवणारी कंपनी, म्हणजे मॅनेज्ड केअर प्लॅन, बदलू शकते. बिल जुन्या प्लॅनकडे गेलं की परत येतं, आणि तोवर मुदत संपत आलेली असते.

मग ऑर्डर. मेडिकेडमध्ये फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीला डॉक्टरचं किंवा तशा परवानाधारकाचं प्रिस्क्रिप्शन लागतं, स्पीचला रेफरल. ऑर्डर देणारा डॉक्टर स्वतः त्या राज्याच्या मेडिकेडमध्ये नोंदलेला असावा लागतो. ही अट विसरली जाते, कारण डॉक्टर आपला नसतो. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातला नवा निवासी डॉक्टर सही करतो, त्याची नोंदणी नसते, आणि सहा महिन्यांचे क्लेम एकगठ्ठा परत येतात. ऑर्डर आली की त्याच दिवशी त्या डॉक्टरचा एनपीआय (सेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) राज्याच्या यादीत शोधा. एनपीआय दहा आकडी असतो. अकरावा आकडा टाइप झाला तर क्लेम क्लिअरिंगहाऊसच्या (क्लेम तपासून विम्याकडे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीच्या) पुढे जाणारच नाही.

आगाऊ परवानगी, म्हणजे ऑथ, लागत असेल तर तिच्यातले कोड, युनिट (बिलात सेवा मोजायचं माप) आणि तारखा आयएफएसपीशी पडताळा. योजना ६ महिन्यांची आणि ऑथ ९० दिवसांची असेल, तर ७५ व्या दिवशी आठवण लावा.

थेरपिस्ट किंवा कर्मचारी सरकारी बहिष्कृत यादीत नाहीत ना, हे महिन्यातून एकदा बघण्याची पद्धत आहे. पाच मिनिटांचं काम आहे. न केल्यास अशा माणसाने दिलेल्या सेवांचे सगळे पैसे परत जातात.

भेट आणि तिची नोंद

एक भेट जवळून बघू. २६ महिन्यांचं मूल, स्पीच थेरपी, घरी, सकाळी १०.०५ ते १०.५०. नोंद अशी: 'मुलाबरोबर खेळलो. छान प्रतिसाद. आईला घरी सराव करायला सांगितला.' या नोंदीवर बिल भरलं तर आज पैसे येतीलही, पण ऑडिटमध्ये ते परत जातील. खेळ तर शेजारीणही खेळते, त्याला परवानाधारक माणूस कशाला लागला, हे इथे कुठेच दिसत नाही.

चालणारी नोंद इंग्रजीतच लिहावी लागते, पण तिच्यात काय हवं ते असं: आयएफएसपीतलं कोणतं उद्दिष्ट घेतलं (नाश्त्याच्या वेळी दोन शब्द जोडून मागणं), थेरपिस्टने नेमकं काय केलं (पर्याय समोर धरून थांबणं, नमुना शब्द देणं), मुलाने काय केलं, आकड्यात (१० पैकी ४ वेळा मदतीने), आई काय शिकली आणि तिने समोर करून दाखवलं का, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं. वर सुरुवातीची आणि संपल्याची वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावं, खाली थेरपिस्टची सही, पदवी, परवाना आणि तारीख. बऱ्याच राज्यांत पालकांची सहीही. आईचा सहभाग हा इथे शोभेचा तपशील नाही. पार्ट सीत सेवा कुटुंबाला दिली जाते, त्यामुळे 'आई दुसऱ्या खोलीत होती' एवढ्या वाक्यावरही परीक्षक अडतो.

नोंद त्याच दिवशी व्हावी. शुक्रवारी रात्री बसून आठवड्याच्या बारा नोंदी लिहिल्या, की त्या एकमेकींसारख्या दिसायला लागतात. मागची नोंद कॉपी करून तारीख बदलण्याचा मोह तर प्रत्येक सॉफ्टवेअर पुरवतंच. परीक्षक सलग पाच नोंदी शेजारी ठेवून वाचतो, तेव्हा आधी हेच दिसतं.

बाळ झोपलेलं होतं, घराला कुलूप होतं, भेट रद्द झाली: यांचं बिल मेडिकेडला होत नाही, आणि मेडिकेडवाल्या कुटुंबाकडून चुकवलेल्या भेटीचे पैसेही मागता येत नाहीत. प्रवासाचा आणि नोंद लिहिण्याचा वेळही साधारणपणे युनिटमध्ये धरत नाहीत.

कोड आणि युनिट

स्पीच थेरपीचा ९२५०७ हा वेळेवर चालणारा कोड नाही. भेट २५ मिनिटांची असो वा ६० ची, कोडच्या व्याख्येनुसार दिवसाला १ युनिट. नवशिक्या बिलर इथे ४५ मिनिटांचे ३ युनिट टाकतो. काही राज्यांच्या मेडिकेडने स्वतःच्या दरपत्रकात तो १५ मिनिटांवर लावला आहे, म्हणून पुन्हा, आधी दरपत्रक. गिळण्या-भरवण्याच्या थेरपीचा ९२५२६ हाही वेळेवर नाही.

वेळेवर चालणारे म्हणजे ९७५३० (कार्यात्मक क्रिया), ९७११० (व्यायाम), ९७११२ (तोल, समन्वय). प्रत्येक युनिट १५ मिनिटांचं. मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्रीय आरोग्य विम्याच्या) 'आठ मिनिटांच्या नियमा'ने एकूण वेळ अशी मोजतात:

८ ते २२ मिनिटं: १ युनिट
२३ ते ३७: २
३८ ते ५२: ३
५३ ते ६७: ४

पण सगळे पेअर, म्हणजे पैसे देणाऱ्या विमा कंपन्या आणि योजना, हा नियम मानत नाहीत, आणि फरक पैशात दिसतो. समजा ९७५३० ची २० मिनिटं आणि ९७११० ची २० मिनिटं. मेडिकेअरच्या रीतीने एकूण ४० मिनिटं, म्हणजे ३ युनिट: दोन्हींचं एकेक पूर्ण, आणि उरलेली ५ अधिक ५ मिळून १० मिनिटं आठच्या वर जातात, म्हणून तिसरं. दुसऱ्या रीतीने प्रत्येक कोड स्वतंत्र मोजायचा: २० चं १, २० चं १, एकूण २. पेअर दुसरी रीत मानत असेल आणि तुम्ही ३ टाकले, तर तो जादा वसुलीचा पुरावा झाला. नोंदीत प्रत्येक कोडपुढे मिनिटं वेगळी लिहिलेली नसतील, तर दोन्ही रीतींना उत्तर नाही.

मूल्यमापनाचे कोड वेगळे: फिजिओ ९७१६१ ते ९७१६३, ऑक्युपेशनल ९७१६५ ते ९७१६७ (गुंतागुंतीप्रमाणे चढते), स्पीच आणि भाषा दोन्ही तपासल्यास ९२५२३, विकास-चाचणीचा पहिला तास ९६११२. पालकांना शिकवण्याचा टी १०२७ आणि केस मॅनेजमेंटचा टी १०१७ राज्याने मान्य केले असतील तिथेच चालतात. मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण): स्पीचला जीएन, ऑक्युपेशनलला जीओ, फिजिओला जीपी. आयएफएसपीखालची सेवा दाखवणारा टीएल, जिथे मागतात तिथे. यू-१, यू-२ अशा मॉडिफायरांना प्रत्येक राज्य स्वतःचा अर्थ देतं, अंदाजाने लावू नका.

सहायक थेरपिस्टने सेवा दिली असेल, तर ते त्या पेअरला चालतं का आणि कोणाच्या एनपीआयवर जातं, हे आधी विचारा. पर्यवेक्षकाचा एनपीआय आपल्या मनाने टाकणं म्हणजे न गेलेल्या माणसाला भेटीवर गेलेलं दाखवणं.

निदानाचा कोड नोंदीशी आणि सेवेशी जुळावा. बोलण्याला एफ ८०.१ किंवा एफ ८०.२, हालचालींच्या विकासाला एफ ८२, डाऊन सिंड्रोमला क्यू ९०.९. आर ६२.५० हा ढोबळ कोड सगळ्यांना लावायची सवय मोडा. पुष्कळ खासगी पॉलिसींत 'विकासातील विलंब' वगळलेला असतो आणि हा कोड दिसला की क्लेम थेट त्या कलमात जाऊन पडतो. अर्थात, वैद्यकीय निदान असेल तरच ते लिहायचं. पैसे मिळावेत म्हणून निदान शोधायचं नाही. निदानाचे कोड दर १ ऑक्टोबरला आणि प्रोसिजरचे दर १ जानेवारीला बदलतात.

फॉर्म भरताना

क्लेमचा फॉर्म म्हणजे सीएमएस-१५०० किंवा त्याचं इलेक्ट्रॉनिक रूप. अडखळायच्या जागा थोड्याच: रकाना १७ आणि १७बी मध्ये ऑर्डर देणारा डॉक्टर आणि त्याचा एनपीआय, २१ मध्ये निदान (बारापर्यंत), २३ मध्ये ऑथ क्रमांक, २४बी मध्ये जागा, २४जी मध्ये युनिट, २४जे मध्ये प्रत्यक्ष सेवा देणारा, ३३ए मध्ये पैसे घेणारी संस्था. जागेचा कोड घरासाठी १२, दवाखान्यासाठी ११, मूल घरी असताना व्हिडिओवर १०. पाळणाघरातल्या भेटीला कोणता कोड, हे पेअरला विचारून एकदाच लिहून ठेवा. सगळ्या भेटींना सवयीने ११ जात असेल तर लगेच थांबवा, कारण आयएफएसपीत 'घर' लिहिलेलं आहे.

मुदत: मेडिकेडसाठी केंद्र सरकारची कमाल मर्यादा सेवेपासून १२ महिने, पण राज्यं ती कमी करतात. टेक्सासात ९५ दिवस, न्यूयॉर्कमध्ये ९०. म्हणून क्लेम आठवड्याला एकदा पाठवा, महिनाअखेरची वाट बघू नका.

उत्तर आल्यावर

समजा खासगी विम्याला १५० डॉलरचं बिल गेलं. उत्तरात सीओ-४५ (विम्याच्या ठरलेल्या दराच्या वरची रक्कम) खाली ५० डॉलर कापले, पीआर-१ म्हणजे डिडक्टिबलमध्ये (विमा पैसे देऊ लागण्याआधी कुटुंबाने भरायच्या रकमेत) १०० टाकले, दिले शून्य. हेच आकडे जसेच्या तसे मेडिकेडच्या दुसऱ्या क्लेममध्ये जायला हवेत: दिलेले अधिक कापलेले बरोबर मूळ बिल, म्हणजे ० + ५० + १०० = १५०. एका डॉलरचा फरक पडला तरी क्लेम परत येतो. मेडिकेडने आपल्या दराने जे दिलं ते पूर्ण फेड मानायचं, उरलेलं माफ.

इतर थेरपी खात्यांवर काम केलेल्या माणसाची खोड इथेच आड येते. पीआर, म्हणजे रुग्णाच्या वाट्याची रक्कम, दिसलं की त्याचा हात पालकांना स्टेटमेंट पाठवायला जातो. पार्ट सीत कुटुंबाने काय द्यायचं हे राज्याची फी-पद्धत ठरवते, विम्याची पावती नव्हे. प्रणालीतलं पालकांचं स्वयंचलित स्टेटमेंट या खात्यांसाठी बंदच ठेवा.

डिनायल वाचताना कारण मुळाशी न्या. सीओ-२२ म्हणजे दुसरा विमा आधी आहे. बहुतेकदा वडिलांच्या नोकरीचा जुना विमा मेडिकेडच्या नोंदीत अजून चालू दिसतो, तो काढून घ्यायला कुटुंबालाच फोन करावा लागतो. सीओ-१९७: ऑथ नाही किंवा तारखेबाहेर. सीओ-११: निदान आणि कोड जुळत नाहीत. सीओ-१६: काहीतरी अपुरं, सोबतचा रिमार्क कोड वाचल्याशिवाय हात लावू नका. सीओ-१८ म्हणजे दुबार, आणि ते बहुधा आपणच ओढवून घेतलेलं असतं: चुकलेला क्लेम दुरुस्त न करता नवा म्हणून पुन्हा पाठवला जातो. दुरुस्तीसाठी रकाना २२ मध्ये ७ आणि पेअरने दिलेला मूळ क्लेम क्रमांक, रद्द करायचा तर ८. सीओ-२९ म्हणजे मुदत गेली. वेळेत पाठवल्याची क्लिअरिंगहाऊसची पोच नसेल तर सहसा हाती काही उरत नाही.

भारतातून काम करणाऱ्या टीमने सुरुवातीलाच करार तपासावा. काही राज्यांचे मेडिकेड करार रुग्णांची माहिती देशाबाहेर नेऊ किंवा उघडू देत नाहीत. थेरपी केंद्राशी गोपनीयतेचा करार झाला म्हणजे ही अडचण सुटली असं नाही. इथून फक्त पडद्यावर फाइल उघडणंसुद्धा त्यात बसू शकतं.

आणि जादा पैसे आले असतील, दोनदा आले असतील किंवा नोंदीच्या तपासणीत युनिट जास्त लागल्याचं दिसलं असेल, तर लक्षात आल्यापासून ६० दिवसांत कळवून परत करायचे. पुढच्या बिलातून गुपचूप वळते करायचे नाहीत: मूळ क्लेम ७ ने दुरुस्त करा किंवा ८ ने रद्द करा, कारण लिहा, आणि तो कागद त्याच मुलाच्या फाइलला लावा.